पंतप्रधानांना दिलेलं पाकीट

उमावहिनी सोहोनींच्या स्मरणशक्तीला नॉर्थ यॉर्कमधली सगळी मराठी मंडळी वचकून असत. १९७४ च्या दिवाळीत कुणाचं श्रीखंड आंबलं होतं, कुणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं आणि न येण्याचं काय कारण सांगितलं होतं, हे त्यांना तारीखवार पाठ. समोरच्याने एखादी गोष्ट जरा फिरवून सांगितली की त्या हसून म्हणत, "अहो, तसं नव्हतं ते," आणि मग जसं होतं तसं सांगत. अशा बाईने सबंध आयुष्यात "मला आठवत नाही" हे शब्द एकदाच उच्चारले, २०१६ च्या एप्रिलमध्ये, टेलिफोनवर. त्या शब्दांनी एका देशाचा पंतप्रधान घरी बसला.

देश लहान होता हे खरं. सत्तर हजार वस्तीचं एक बेट. पण माणूस लहान नव्हता, आणि सगळं दुःख त्याचंच आहे.

माणसाचं नाव डेस्मंड फेव्हरिए. १९७८ च्या सप्टेंबरात तो सोहोनींच्या दारात उभा राहिला तेव्हा बावीस वर्षांचा होता. अंगात पातळ जाकीट, हातात वर्तमानपत्रातून कापलेली जाहिरात. चारुदत्त सोहोनी वीज कंपनीत इंजिनिअर. नव्या घराचं बेसमेंट रिकामंच पडलं होतं म्हणून भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. "कुठले तुम्ही?" विचारल्यावर पोरगा म्हणाला, "सेंट ओडिल." चारुदत्तांनी ॲटलस काढला, भिंग काढलं, कॅरिबियन समुद्रात बराच वेळ चाचपडले आणि म्हणाले, "सापडला! मला वाटलं, माशी बसून गेलीय." डेस्मंड पोट धरून हसला आणि त्याला खोली मिळाली.

शनिवारी घरी मंडळी जमत. येणारा प्रत्येक जण दारातूनच "वहिनी, चहा!" असं ओरडे. डेस्मंडची समजूत झाली की घरमालकिणीचं नावच व्हैनी आहे. दोन वर्षांनी कुणीतरी त्याला सांगितलं, अरे, याचा अर्थ भावाची बायको. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग बरोबरच आहे की." तो चार वर्षं त्या बेसमेंटमध्ये राहिला, दिवसा युनिव्हर्सिटीत शिकला, संध्याकाळी गोदामात खोकी उचलली, आणि उमावहिनींच्या हातची आमटी प्यायला. आमटी तो वाटीने पीत असे, भात न घेता, आणि उमावहिनींनी त्याला कधी सुधारलं नाही.

त्या चार वर्षांतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९७९ ची गणेश चतुर्थी. तांदळाची पिठी चायनाटाउनमधून आणलेली, सुकं खोबरं दुधात भिजवून ओलं केलेलं. असे जिवाचा आटापिटा करून उकडीचे एकवीस मोदक झाले. बेसमेंटमध्ये दुसरी शेगडी होती, तिथे ते उकडून ओल्या फडक्याखाली झाकून उमावहिनी साडी नेसायला वर गेल्या. नैवेद्याच्या वेळी मोजले तर एकोणीस. नऊ वर्षांचा परीक्षित आसपास घुटमळत होता, त्याच्या गालावर चुन्यासारखा पिठीचा डाग होता. उमावहिनींनी विचारलंही नाही. एक सणसणीत ठेवून दिली. पोराने भोकाड पसरलं. तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली आणि डेस्मंड वर आला.

"व्हैनी, ते दोन मी खाल्ले. मला वाटलं माझ्यासाठी झाकून ठेवलेत."

तो न बोलता तर कुणाला कळलं नसतं. मार खाऊन झालेला होता, पोर पाच मिनिटांत रडायचं थांबलं असतं, गणपती काही बोलणार नव्हता. पण डेस्मंड परीक्षितसमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मोदक मी खाल्ले आणि मार तू खाल्लास. हे बरोबर नाही झालं." उमावहिनींनी डोळे पुसत आणखी दोन मोदक वळले. पुढे कितीतरी वर्षं ही हकिकत उमावहिनी मराठी मंडळात रंगवून सांगत.

१९८२ मध्ये तो परत गेला, आणि त्या डिसेंबरपासून दर वर्षी न चुकता त्याचं ख्रिसमसचं कार्ड येऊ लागलं. त्याचं सगळं राजकारण उमावहिनींना त्या कार्डांमधून कळलं. वकील झालो. एका हॉटेल कंपनीने कोळ्यांच्या किनाऱ्याला कुंपण घातलंय, खटला लढवतोय. खटला जिंकला, कुंपण मी स्वतः उपटलं. निवडणुकीला उभा राहिलो, सपाटून आपटलो. पुन्हा उभा राहिलो. खासदार झालो. मग पंधरा वर्षं विरोधी बाकावर; त्या वर्षांतल्या कार्डांवर नुसतं "अजून बसलोय, व्हैनी" एवढंच. आणि २०१० मध्ये पंतप्रधान. ती सगळी कार्डं एकेक करून उमावहिनींच्या फ्रिजवर लागली. पंतप्रधानपदाचं कार्ड आलं त्याच्या आदल्याच वर्षी चारुदत्त गेले होते, ते कार्ड हातात घेऊन उमावहिनी त्यांच्या फोटोला म्हणाल्या, "बघा, तुमची माशी."

त्या बेटावरच्या राजकारणात एकच गोष्ट कायम बोलली जायची, कोण किती खातो. डेस्मंड खात नव्हता. सभेत तो भाषण संपवताना दोन्ही तळवे लोकांसमोर धरायचा, रिकामे. तीच त्याच्या पक्षाची खूण झाली. भिंतीभिंतींवर दोन उघडे हात. एका परदेशी पाहुण्याने दिलेलं घड्याळसुद्धा त्याने सरकारी कपाटात जमा केलं होतं. हे सगळं परीक्षितने इंटरनेटवर वाचून आईला सांगितलं, आणि आईचा ऊर भरून आला.

आता आरव. परीक्षितचा मुलगा, उमावहिनींचा एकुलता एक नातू, रिचमंड हिलमध्ये वाढलेला, गोड, आळशी, आणि डॉक्टर व्हायचंच म्हणून बसलेला. कॅनडात मेडिकलला जायचं तर आधी चार वर्षांची डिग्री, मग हजारोंच्या रांगेत उभं राहणं. बारावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलाने त्या रांगेत उभं राहावं हे त्याच्या बापालाही पटत नव्हतं. कॅरिबियन बेटांवर मात्र अशी कॉलेजं आहेत जी बारावीनंतर थेट घेतात. आपल्या कितीतरी मंडळींची मुलं तिकडे शिकून डॉक्टर झाली. सेंट ओडिलवरही असं एक कॉलेज होतं. आरवने अर्ज केला आणि तो वेटलिस्टवर अडकला.

"आई, तुझी तर तिथे ओळख आहे," परीक्षित एका रविवारी म्हणाला.

"सदतीस वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलेलं नाही, परीक्षित."

"मी फक्त म्हटलं. जस्ट सेइंग."

पण बोललेलं बोललं गेलं होतं. आणि नेमका त्याच सप्टेंबरात, २०१५ मध्ये, डेस्मंड टोरांटोतल्या आपल्या बेटवाल्यांना भेटायला यायचा होता. त्याने फोन केला, "व्हैनी, तुमच्या गणपतीला यायचंय." मंडळाचे अध्यक्ष शशिकांत यांना तर आकाश ठेंगणं झालं. आदल्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून मिसिसागाचे एक दातांचे डॉक्टर आले होते आणि त्यांनी पाऊण तास हिरड्यांवर भाषण केलं होतं. यंदा पंतप्रधान! शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं, झेंडे लावले, सेंट ओडिलचा झेंडा मिळेना म्हणून शशिकांतनी तो घरी छापून आणला आणि उलटा लावला.

सत्कार उमावहिनींच्या हस्ते व्हायचा होता. आपल्याकडे पाहुण्याला काय देतात हे कुणाला सांगायला नको: शाल, श्रीफळ आणि पाकीट. मंडळाने शाल आणली, नारळ आणला. पाकीट मंडळ देत नव्हतं, पैसे नव्हतेच. पाकीट उमावहिनींनी घरून आणलं. आत आरवचा बायोडेटा, आणि त्याच्या पाठीमागे त्यांच्या वळणदार अक्षरात, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत चार ओळी: माझा नातू चांगला मुलगा आहे, मेहनती आहे, तुझ्या देशातल्या कॉलेजात त्याने अर्ज केला आहे, प्लीज डू द नीडफुल. मेहनती हा शब्द लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबला होता.

हे तोंडाने बोलायची त्यांना लाज वाटत होती. फोनवर बोलवेना, जेवायला बोलावून बोलवेना. नारळाखाली पाकीट ठेवून द्यायचं, बस्स. घेणारा समजून घेतो. सभागृहात दोनशे माणसं होती. नारळाखाली पाकीट पाहून एकाच्याही भुवया उंचावल्या नाहीत, कारण जन्मभर सगळ्यांनी नारळाखाली पाकीटच पाहिलेलं.

"नारळ?" डेस्मंड माइकवर म्हणाला. "व्हैनी, माझ्याकडे घरी दहा लाख झाडं आहेत." सभागृह हसलं, फोटो निघाला. फोटोत कपाळाला कुंकू लावलेला पंतप्रधान वाकून दोन्ही हातांनी पाकीट घेतो आहे. शशिकांतनी तो तासाभरात फेसबुकवर टाकला.

ऑक्टोबरात आरवला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. उमावहिनींनी देवापुढे साखर ठेवली. त्याने शब्द टाकला असणार, त्या मनात म्हणाल्या, पण याबद्दल फोनवर बोलायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं. जानेवारीत आरव विमानात बसला.

मार्चमध्ये तिकडे निवडणूक जाहीर झाली आणि तो फोटो विरोधकांच्या हाती लागला. उघड्या हातांचा माणूस, आणि हातात पाकीट! चौकाचौकांत फोटो लागले, खाली एकच प्रश्न: आत काय होतं? टोरांटोचे श्रीमंत भारतीय किनारा विकत घेणार, अशी आवई उठली. त्यावर गाणं झालं, पोरं ते रस्त्यात म्हणू लागली. बेटावरच्या वर्तमानपत्राने शशिकांतना फोन केला. शशिकांत बिचारे खरं तेच बोलले, "आमच्या मंडळाने कोणतंही पाकीट दिलेलं नाही." झालं! मंडळाने दिलं नाही, मग दिलं कुणी?

डेस्मंड सभेत म्हणाला, "मी विद्यार्थी असताना ज्या बाईने मला जेवू घातलं तिचं ते खासगी पत्र होतं. ते मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही." लोक ओरडले, दाखव मग पत्र! पत्र त्याच्याकडे नव्हतं. होती फक्त पत्र लिहिणारी बाई, जुनं घर विकून घेतलेल्या चौदाव्या मजल्यावरच्या कॉन्डोत.

फोन एप्रिलमध्ये आला, सकाळी अकराच्या सुमारास. त्याच्या पक्षाची वकीलबाई होती, अदबीने बोलत होती. "मॅडम, पत्रात काय होतं ते आम्हाला पंतप्रधान सांगत नाहीत. म्हणतात, पत्र तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. तुम्ही दोन ओळी लिहून सही केलीत तर हे प्रकरण इथेच मिटेल."

"मी मुलाशी बोलून सांगते," उमावहिनी म्हणाल्या.

परीक्षित ऑफिसमधून तडक आला, बूटसुद्धा न काढता आत.

"आई, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड. तू काय सांगणार? वशिल्याची चिठ्ठी दिली म्हणून? उद्या आरवला काढून टाकतील. त्याचं नाव पेपरात येईल. ही विल बी फिनिश्ड."

"आणि डेस्मंडचं काय?"

"तो पॉलिटिशियन आहे, आई. दे आर यूज्ड टू इट."

 उमावहिनींसमोर एकीकडे नातू, पोटच्या पोराचं पोर. दुसरीकडे आमटी पिणारा तो मुलगा, जो त्यांचा कुणी नव्हता. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही, असं मी लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर त्या झोपल्या, आणि याचीही त्यांना पुढे लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वकीलबाईचा पुन्हा फोन आला.

"पाकीट?" उमावहिनी म्हणाल्या. आवाज थरथरला, पण तो मुद्दाम थरथरवलेला होता. "माझं वय झालंय हो. मला आठवत नाही."

 मग ती बाई फार मायेने म्हणाली, "काही हरकत नाही, मॅडम. तुम्ही काळजी घ्या." ती माया उमावहिनींना कानफटात बसल्यासारखी झोंबली. फोन ठेवून त्या किचनमध्ये गेल्या, नळ सोडला आणि नुसत्याच उभ्या राहिल्या.

निकाल मे महिन्यात लागला. डेस्मंडचा पक्ष हरला, तो स्वतःच्या मतदारसंघात एकसष्ट मतांनी पडला. ज्या किनाऱ्याचं कुंपण त्याने उपटलं होतं त्याच किनाऱ्यावरची मतं फिरली. परीक्षितने सकाळी फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला, "बाकीही इश्यूज होते, आई. इकॉनॉमी वगैरे."  एकसष्ट माणसं म्हणजे किती, ते उमावहिनींना माहीत होतं. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेवढ्या बायका येतात.

पुढची दोन वर्षं म्हणजे शिक्षाच होती, आणि ती शिक्षा आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. "आठवत नाही" ही बातमी शशिकांतपर्यंत पोचली, शशिकांतपासून मंडळात. माणसं त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागली. सुनेने, माधवीने, वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी आणली. हळदीकुंकवाला उमावहिनींनी कुणाचं तरी काही दुरुस्त केलं की बायका एकमेकींकडे पाहून हसत आणि म्हणत, "असू दे हो, वहिनी." एकदा परीक्षित, आईचं ते खोटं पुरतं निभावायला, त्यांना तपासणीला घेऊन गेला. डॉक्टरने घड्याळ काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. उमावहिनींना तीसपैकी तीस गुण मिळाले. निकालाचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

निवडणूक हरला त्या वर्षीच्या डिसेंबरातही डेस्मंडचं कार्ड आलं. अक्षरं नेहमीपेक्षा मोठी, सुटी सुटी. "डिअर व्हैनी, मी डेस्मंड. मी फार पूर्वी तुमच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. तुम्ही मला जेवू घालत होतात." उमावहिनींना आधी कळेना, हा ओळख का करून देतोय. मग कळलं, आणि त्या खुर्चीत बसल्या. त्याने विश्वास ठेवला होता. त्याला खरंच वाटत होतं की वहिनींचं डोकं चालत नाही. तो रागावलेला नव्हता, त्याला कीव आली होती. क्षणभर त्यांना सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटकेची त्यांना इतकी किळस आली की ते कार्ड त्यांनी फ्रिजवर उलटं लावलं.

२०१८ च्या ऑक्टोबरात डेस्मंड पुतणीच्या लग्नाला टोरांटोत आला. परीक्षितनेच त्याला स्टेशनवरून आणलं. उमावहिनींनी सकाळी उठून मोदक केले होते, गणपती होऊन गेला असला तरी. फ्रोझन खोबरं, तयार पिठी; आता सगळं सोपं झालेलं. एकवीस मोजून ठेवले आणि वर एक डबा त्याला न्यायला भरला. कुणालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

तो आत आला. केस पांढरे, कोटाच्या बाह्या झिजलेल्या. सोफ्यावर न बसता तो त्यांच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला आणि हळू, मोठ्याने म्हणाला, "व्हैनी, मी डेस्मंड. डेस्मंड."

 खिडकीपाशी परीक्षित उभा होता. त्याची नजर सांगत होती, आई, फक्त हसत राहा.

डेस्मंड त्यांचा हात हातात घेऊन बोलत राहिला, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं. "तुम्ही मला एकदा एक पत्र दिलं होतं. तुमच्या नातवासाठी. मी हॉटेलवर जाऊन वाचलं, खूप हसलो. व्हैनीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं! पण असलं काम मी करत नाही, म्हणून ते फाडून टाकलं. तुम्हाला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मग मुलाला आपोआपच जागा मिळाली. वेटलिस्ट पुढे सरकली, माझा काही संबंध नाही. मी मुद्दाम चौकशी केली होती."

परीक्षितने मान खाली घातली.

"लोक मला म्हणाले, पत्रात काय होतं ते सांग. पण पत्र तुमचं होतं. तुमची परवानगी हवी होती. आणि ज्याला आठवतच नाही, तो परवानगी कशी देणार? म्हणून गप्प राहिलो." तो हसला. "जाऊ द्या. तुम्हाला काही आठवायची गरज नाही, व्हैनी. मी फक्त भेटायला आलोय."

उमावहिनींनी मनात हिशोब केला. म्हणजे त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर आरवच्या केसालाही धक्का लागला नसता. सगळं मिटलं असतं. आणि आता समोर हा माणूस माफी घेऊन बसला होता, नुसती मान डोलवली की पदरात पडली असती.

"एकवीस होते," त्या म्हणाल्या.

"आई, लीव्ह इट," परीक्षित पुटपुटला.

"एकवीस मोदक होते. तू दोन खाल्लेस. मी परीक्षितला मारलं, आणि तू जिना चढून वर आलास."

डेस्मंडचा चेहरा उजळला. तो आनंदाने परीक्षितकडे वळला. "बघ! माझ्या आईचंही असंच होतं. जुनं सगळं लख्ख आठवायचं, कालचं नाही."

देवाने आणखी एक पळवाट समोर ठेवली होती. उमावहिनींनी हात सोडवून घेतला.

"कालचंही आठवतं, डेस्मंड. पाकीट आठवतं, आतलं अक्षर न अक्षर आठवतं. तुझ्या वकीलबाईचा फोन आला तेव्हाही आठवत होतं. मी खोटं बोलले. मला माझ्या नातवासाठी भीती वाटली आणि मी तुला बुडवलं."

 डेस्मंड सोफ्याला धरून उठला. गुडघे दुखत असावेत. परीक्षित काहीतरी बोलायला गेला, पण डेस्मंडचं तिकडे लक्ष नव्हतं.

"दोन वर्षं," तो म्हणाला, "दर रविवारी चर्चमध्ये मी तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो. व्हैनीचं डोकं ठीक होऊ दे म्हणून."

त्याने दारापाशी जाऊन बूट घातले. उमावहिनी डबा घेऊन मागे गेल्या आणि सवयीने पुढे केला. डेस्मंडने डब्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते, आणि ते त्याने बाहेर काढले नाहीत.

"आज नको, व्हैनी," तो म्हणाला, आणि लिफ्टकडे गेला.

दार लागल्यावर परीक्षित म्हणाला, "काय गरज होती, आई? त्याने माफ केलं होतं तुला."

"मला नाही रे," उमावहिनी म्हणाल्या. "ज्या म्हातारीला आठवत नव्हतं, तिला."

त्याच दुपारी त्यांनी आरवला फोन लावून सगळं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "आजी, यू शुड हॅव आस्क्ड मी. आय वुड हॅव टोल्ड यू टु साइन इट." मग त्यांनी बेटावरच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, स्वतःच्या अक्षरात, आरवच्या बायोडेटापासून फोनवरच्या खोट्यापर्यंत सगळं. खाली सही, वय, आणि तीसपैकी तीस गुणांचा तो कागदही जोडला.

ते पत्र नोव्हेंबरात छापून आलं. आतल्या पानावर, चर्चच्या सूचनांखाली. आरवने त्याचा फोटो पाठवला. कॉलेजने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी ते गाणंही पुन्हा म्हटलं नाही. नव्या सरकारने तोवर किनारा एका हॉटेलला देऊन टाकला होता आणि लोक त्याबद्दल बोलत होते. ज्या गोष्टीला भिऊन उमावहिनींनी एक माणूस बुडवला, ती गोष्ट कधी झालीच नाही.

डिसेंबर लागला तसं त्यांनी फ्रिजवरच्या कार्डांपैकी उलटं लावलेलं कार्ड सरळ केलं आणि शेजारी एका कार्डापुरती जागा रिकामी केली. रोज दुपारी त्या खाली लॉबीत जाऊन टपालाची पेटी उघडत. वीज कंपनीचं पत्र आलं, मंडळाचं संक्रांतीचं आमंत्रण आलं, माधवीच्या बहिणीचं कार्ड आलं. १९८२ पासून छत्तीस वर्षं त्याचं कार्ड एकदाही चुकलं नव्हतं, निवडणूक हरला त्या वर्षीसुद्धा नाही. उमावहिनींना प्रत्येक वर्षीचं आठवत होतं. त्या वर्षी ते आलं नाही.